सोयऱ्यांचं फाटक

सुरतेत उधन्याच्या रस्त्यावर मधोमध बसची वेगळी वाट आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, आणि आतून फक्त बस जायची. चौकापाशी या वाटेच्या तोंडावर एक आडवं फाटक असतं आणि फाटकापाशी एक माणूस. बस आली की फाटक ढकलायचं, बस गेली की ओढून लावायचं. अॅम्ब्युलन्स आणि बंबवाले सोडले तर दुसऱ्या कोणालाही आत जाऊ द्यायचं नाही. काम एवढंच. कोणालाही जमेल असं. फक्त ते करणारा माणूस खानदेशचा नसावा, आणि असलाच तर त्याची ड्यूटी सुरतमध्ये नसावी.

बन्सीलाल खानदेशचा होता, आणि त्याची ड्यूटी उधन्यातच होती.

नवागाम, डिंडोली, लिंबायत या भागांत अर्धा धुळे जिल्हा आणि पाऊण नंदुरबार राहतो असं म्हटलं तरी चालेल. शिंदखेड्याकडच्या आपल्या गावातून बन्सीलाल मिसरूड फुटायच्या आत सुरतला आला आणि संच्यावर लागला. लूमला तिथे संचा म्हणतात. खट्याखट, खट्याखट, दिवसपाळी आणि रातपाळी करत त्याची उमेद गेली आणि त्याबरोबर डाव्या कानाचं ऐकणंही गेलं. पुढे संचे नव्या तऱ्हेचे आले, जुन्या कारागिरांना शेठने नमस्कार केला, आणि एका ओळखीच्या माणसाने बन्सीलालला गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीत चिकटवलं. अंगावर निळा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि हातात फाटक. उषाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, पहिल्या दिवशी त्याच्या शर्टाला इस्त्री केली आणि शेजारणीला सांगितलं की यांना सरकारी नोकरी लागली. ती सरकारी नव्हती, पण तो खुलासा करायला नवराबायको दोघांनाही वेळ झाला नाही.

खरी पंचाईत पहिल्याच आठवड्यात कळली.

एक मोटारसायकल फाटकाशी येऊन थांबली. "ओ पाव्हना, राम राम! वळखं का माले? बेटावदना शे मी, तुमनी सासरवाडीना. उघाडा ना, दोन मिंट." आता सासरवाडीच्या माणसाला जावयाने रस्त्यात अडवायचं म्हणजे ती गोष्ट संध्याकाळच्या आत बेटावदला पोहोचणार, आणि रात्री उषाबाईच्या भावाचा फोन येणार की, दाजींना एवढा कसला माज आला? बन्सीलालने इकडे तिकडे पाहिलं आणि फाटक ढकललं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीच्या सासरचा माणूस आला. तिथे तर बोलायची सोयच नाही. आपली बहीण त्यांच्या घरात दिलेली. तिसऱ्या दिवशी आला तो मावसभाऊ निघाला. सासरचा म्हणून हा सोडायचा, बहिणीच्या सासरचा म्हणून तो सोडायचा, आपलाच म्हणून तिसरा सोडायचा. परके म्हणून ज्यांना अडवायचं, असे उरलेच कोण? एक गुजराती मास्तर स्कूटरवरून यायचे, त्यांना मात्र बन्सीलाल रोज नियमाने अडवायचा. ते बिचारे "बरोबर छे, बरोबर छे" म्हणत वळून जायचे, आणि बन्सीलालला स्वतःचीच लाज वाटायची.

मेट्रोचं खोदकाम सुरू झालं आणि त्याच्या डोक्याचा ताप दुप्पट झाला. पुढे रिंगरोडकडे रस्त्यात उंच पत्रे ठोकले, तीन पदरांचा रस्ता एका पदराचा झाला, आणि गाड्यांची रांग पार त्याच्या फाटकापर्यंत येऊन टेकली. आधी जे सोयरे घाई असली तर यायचे, ते आता रोजच यायला लागले. ज्यांच्याशी नातं नव्हतं त्यांनीही शोधून काढलं. एकाने तर सांगितलं की आमची म्हैस तुमच्या काकांनी विकत घेतली होती. बन्सीलालने कपाळावर हात मारला. तरी त्याने फाटक उघडलंच.

या सगळ्यांत वरचढ होता बळीराम. बळीराम हा बन्सीलालचा व्याही. थोरली योगिता त्याच्या मुलाला, ललितला दिलेली. माणूस धिप्पाड, मिशीवाला, बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपणच काहीतरी घेणं लागतो. त्याचा एक टेम्पो होता. पलसाण्याच्या मिलमधून संध्याकाळी तयार कापड भरायचं, डिंडोलीत घरापुढे गाडी लावायची आणि सकाळी माल रिंगरोडच्या मार्केटला पोहोचवायचा, असा त्याचा धंदा. मेट्रोच्या कोंडीत त्याचा टेम्पो तास-तास अडकायला लागला, आणि एक दिवस त्याला आठवलं की आपल्या व्याह्याच्या हातात आख्खा रस्ता आहे.

तेव्हापासून रोज सकाळी टेम्पो फाटकाशी यायचा. बळीराम खाली उतरायचा नाही, काच खाली करायचा नाही, नुसता हॉर्नवर हात ठेवायचा. आणि बन्सीलाल, अर्ध्या बहिऱ्या कानानेही तो हॉर्न बरोबर ओळखून, हातातला चहा टाकून धावायचा. मुलीचा बाप होता ना. मुलीच्या बापाने व्याह्यापुढे धावायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं; जसं भाकरी उजव्या हाताने खायची तसं ते त्याला माहीत होतं. आपण इथे एक फाटक ढकललं की तिकडे डिंडोलीत योगिताच्या ताटात एक सुखाचा घास जास्त पडतो, असा त्याचा पक्का हिशेब होता.

चुलीत गेला तो हिशेब, असं धाकटी सोनाली म्हणायची.

सोनाली वेगळ्याच मातीची होती. बारावीनंतर तिने ब्युटी पार्लरचा कोर्स करावा असं उषाबाईचं मत होतं. सोनालीने जड वाहनाचं लायसन काढलं. वर्षभर कुठे कुठे ट्रेनिंग घेतलं, आणि बायकांसाठी सुरू झालेल्या गुलाबी बसवर ड्रायव्हर म्हणून तिला घेतलं, तेही परीक्षेवर. ठेकेदाराचा सुपरवायझर भूपेंद्रभाई यांनी स्पष्ट सांगितलं होतं: पावसाळा संपेपर्यंत बघू. गाडी वेळेत चालली तर कायम, रोज उशीर झाला तर दुसरी मुलगी तयार आहे. नवागामच्या त्या गल्लीत बस चालवणारी बाई आजवर कोणी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी उषाबाईने बसच्या चाकाला नारळ वाढवला आणि पदराआड रडून घेतलं.

आणि या सोनालीची सकाळची फेरी नेमकी बापाच्या फाटकातून जायची. नेमकी बळीरामच्या टेम्पोमागे.

टेम्पो आत शिरला तर काय बिघडतं, असं एखाद्याला वाटेल. बिघडायचं ते पुढच्या टोकाला. जिथे मेट्रोचे पत्रे सुरू होतात तिथे बसची वाट संपून सगळ्या गाड्या एकत्र येत. बस दिसली की वाहतुकीचा हवालदार बाकीच्यांना थांबवून तिला आधी काढून द्यायचा. पण बसच्या पुढ्यात कापडाच्या गाठींनी लादलेला टेम्पो दिसला की तो भडकायचा, टेम्पोला तिथेच उभा करून झापायचा, आणि मागे बस अडकून पडायची. रोज.

"बाबा, यार, तुम्ही त्यांना सोडता आणि लेट मार्क माझ्या नावावर पडतो," सोनाली जेवताना करवादायची. "आणि बसमधल्या बायका काय बोलतात माहिती आहे? गेटवाला हप्ता खातो म्हणतात. मी स्टेअरिंगवर बसून ऐकते. माझ्याच बापाबद्दल!"

"मी आजपावतर कोनाना चहा बी पिना नही," बन्सीलाल तडकायचा.

"तेच तर! खात असता तर निदान कारण तरी समजलं असतं."

उषाबाई दोघांच्या मध्ये भाजीचं पातेलं ठेवायची आणि हळूच म्हणायची, "तिले नांदनं शे ना तठे. योगीले." मग सोनाली ताटावरून उठायची आणि बन्सीलाल भाताची शितं निवडत बसायचा.

बन्सीलालला दोन्ही मुलींचं करायचं होतं आणि एकीचं केलं की दुसरीचं बिघडत होतं. त्याने एजन्सीला दुसरं फाटक मागून पाहिलं. तिथला साहेब म्हणाला, दुसऱ्या फाटकावरचा गार्डही खानदेशचाच आहे आणि तोही बदली मागतोय. त्याने बळीरामला आडून सुचवून पाहिलं, की आबा, जरा लवकर निघालात तर रस्ता मोकळा मिळतो. बळीराम मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "आमले रस्ता मोकया करनारा याही शे, आम्ही कसाले लवकर उठूत?" बन्सीलालही हसला. आणि मग दिवसभर स्वतःवर चिडत राहिला.

पावसाळा सरत आला. सोनालीच्या परीक्षेचा शेवटचा आठवडा लागला तेव्हा भूपेंद्रभाई स्वतः फाटकावर आले. त्यांनी बन्सीलालकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "बन्सीलाल, आ गेट तमारा घरनुं छे?" भूपेंद्रभाई म्हणाले, या आठवड्यात सकाळची फेरी एकदा जरी अडकली तर मी काही करू शकणार नाही, वरून विचारणा आहे. सोनाली ही त्याचीच मुलगी हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते सांगायला आले होते. एवढं करणारा माणूस त्यांच्या जागी दुसरा मिळाला नसता.

त्या रात्री बन्सीलालने ठरवलं. आणि सकाळी हॉर्न वाजला तेव्हा तो धावला नाही.

पुन्हा हॉर्न वाजला. मग लांबलचक वाजला. बन्सीलाल फाटकाला पाठ लावून उभा राहिला. शेवटी टेम्पोची काच खाली आली.

"याही, काय उभा राहिनात? उघाडा!"

"आज नही, आबा."

"नही म्हंजे?"

"बस येई राहिनी. सोनालीनी बस शे. आज तिले उशीर झाया तं तिनी नोकरी जाई." बन्सीलालने हात जोडले. "हात जोडस तुमले. बाजूना रस्ताथून जा."

बळीराम खाली उतरला. आजूबाजूच्या मोटारसायकलवाल्यांनी माना वळवल्या. त्यात निम्मे सोयरेच होते. "पोरीन्या जातले कसानी नोकरी?" बळीराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आनि आयका, तुमनी एक पोर आमना घर शे. हाई ध्यानमा ठेवा, मंग फाटक लावा."

ज्या शब्दांना तो इतकी वर्षं भीत आला होता, तेच शब्द भर चौकात येऊन पडले होते. तरी त्याने फाटक सोडलं नाही. सोडलं नाही म्हणण्यापेक्षा त्याचे हातच त्यावरून निघेनात.

पण खरा घोळ यापुढे झाला. बळीराम हट्टाला पेटला आणि टेम्पोत जाऊन बसला. मी हलतच नाही म्हणाला. टेम्पो वाटेच्या बरोबर तोंडात आडवा. आणि त्याच्या मागे, वायपर फिरवत, गुलाबी बस येऊन उभी राहिली. आत जाऊ दिलं तरी बस अडकणार, आणि अडवून धरलं तरी बस अडकलेलीच! रात्रभर जमवलेलं सगळं धैर्य असं फुकट गेलेलं पाहून बन्सीलालला ओरडावंसं वाटलं. सोनालीने हॉर्न दिला. बळीरामने उत्तरादाखल हॉर्न दिला. बसच्या खिडक्यांतून बायकांची डोकी बाहेर आली आणि टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला. त्यातून सवड मिळाली की गेटवाल्याच्याही. बन्सीलाल एकदा टेम्पोकडे धावला, एकदा बसकडे धावला, शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायचीच विसरला.

तेवढ्यात बसचं डावीकडचं दार उघडलं आणि एक बाई पायऱ्यांवरून खाली उतरली. योगिता होती.

योगिता मार्केटात साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला जायची. बहिणीची बस सुरू झाल्यापासून ती त्याच बसने जाते हे बन्सीलालला माहीत होतं. पण ती रोज त्याच बसमध्ये, सासऱ्याच्या टेम्पोमागे अडकून, सासऱ्याला आणि बापाला पडणाऱ्या शिव्या ऐकत बसते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते त्याला आत्ता, तिला उतरताना पाहून सुचलं.

रिमझिम पडत होती. योगिताने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सासऱ्यासमोर मोठ्याने बोलायची त्या घरात रीत नव्हती, आणि तिने ती आजवर मोडली नव्हती. ती टेम्पोच्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण थांबलीही नाही.

"आबा, गाडी मांगे ल्या. बसमा बाया शेतस. समद्यास्ले उशीर व्हई राहिना."

बळीराम तिच्याकडे बघतच राहिला. बसमधल्या बायका गप्प झाल्या, कारण ज्याला आपण शिव्या देत होतो तो हिचा सासरा आहे हे त्यांना आत्ता कळलं. मग त्यांतली एक जाडजूड बाई खाली उतरली आणि मागच्या रिक्षावाल्यांना सरकवायला लागली. तिच्यामागून आणखी चौघी उतरल्या. त्यांनी गाड्यांच्या बॉनेटांवर थापा मारत जागा केली, सोनालीने बस मागे घेतली आणि टेम्पोमागे वाट मोकळी झाली. आता जागा नाही म्हणायलाही सोय उरली नाही. बळीरामने रिव्हर्स टाकला. टेम्पो मागे गेला, बाजूच्या रस्त्याला वळला आणि कोंडीत शिरला.

बन्सीलालने फाटक ढकललं. बायका भराभर वर चढल्या. योगिता मात्र पायरीवर एक पाय ठेवून थांबली. बन्सीलाल तिच्यापाशी गेला. "बेटा, तू कसाले बोलनी? आते घर तुले तरास व्हई. मी तं तुनासाठेच आजपावतर—"

"बाबा," ती म्हणाली, "रोज रातले जेवताना आबा सांगतस, तुना बाप आज बी पयत उना फाटक उघाडाले. चहा टाकीसन पयत उना. समदा हासतस. मी चुल्हाजोडे भाकरी थापत ऱ्हास." तिने पदराने तोंडावरचं पाणी पुसलं. "मनासाठे उघाडतस ना तुम्ही? मनासाठे नका उघाडू."

दार लागलं आणि बस निघून गेली.

बन्सीलाल फाटक लावायचं विसरून तसाच उभा राहिला. तीन मोटारसायकली आणि एक रिक्षा त्याच्या डोळ्यांदेखत आत गेल्या. इतके दिवस आपण धावत होतो, आणि प्रत्येक वेळी ती तिथे चुलीपाशी मान खाली घालत होती. सुखाचा घास! त्याला स्वतःच्या अकलेची इतकी चीड आली की त्याने शिट्टी गळ्यातून ओढून खुर्चीवर आपटली.

बस त्या दिवशी उशिरा पोहोचली ती पोहोचलीच. भूपेंद्रभाईंनी वर काय सांगितलं कोण जाणे, पण सोनालीला काढलं नाही. तिची परीक्षा दिवाळीपर्यंत लांबवली. सोनाली फोनवर म्हणाली, "कायम नाही आणि कमी पण नाही. लटकवून ठेवलंय, बाबा." आणि तिने रागाने फोन ठेवला.

ड्यूटी संपल्यावर बन्सीलाल घरी गेला नाही. तो निळ्या शर्टातच डिंडोलीला गेला. मुलीच्या सासरी सणाशिवाय, बोलावल्याशिवाय तो कधी गेला नव्हता. दिवेलागणीची वेळ होती. बळीराम घरापुढे खाटेवर बसला होता, ललित टेम्पोचं टायर तपासत होता. व्याह्याला बघून बळीराम सावरून बसला. माफी मागायला आला असणार असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर वाटेत दोनदा बन्सीलालच्या मनातही तेच आलं होतं.

"या याही, बसा," बळीराम म्हणाला.

बन्सीलाल बसला नाही. "आबा, रोज जेवताना मनी गोट सांगतस ना तुम्ही?"

बळीरामच्या मिशीखालचं हसू जागच्या जागी थांबलं. ललितने टायरवरचा हात काढला आणि जमिनीकडे पाहिलं.

"आज बी सांगज्यात," बन्सीलाल म्हणाला. "सांगज्यात, योगीना बाप आज पयना नही. उद्या बी पयनार नही. परोन बी नही."

आतल्या खोलीत भाकरी थापायचा आवाज चालू होता, तो थांबला. थोड्या वेळाने योगिता चहा घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर होता. सासऱ्यापुढे ट्रे धरायचा सोडून ती आधी बापाकडे आली. बन्सीलाल मनातून घाबरलेला होता, उद्या या घरात काय होईल याची त्याला धास्ती होती, आणि तरीही त्याला असं बरं वाटत होतं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्याने कप उचलला आणि खाटेवर, व्याह्याच्या शेजारी बसून, चहा सावकाश संपवला.